एकोणिसाव्या पानापर्यंत

“मग कान कुठून आणू, मास्तर? बाजारात मिळतात?”

रेनाटा मॅडम अजून बसल्याही नव्हत्या. एका पायातली चप्पल निघाली होती, दुसऱ्या पायातली निघायची होती, आणि प्रश्न सुरू झाला होता.

पास्कू मास्तर ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस, बाय.”

“बसायला नाही आले. सही घ्यायला आलेय तुमची.”

“सही पळून जाते का? बस.”

मी मागे फाटकापाशीच उभा होतो. उभा म्हणजे, पाय उचलेना. वसईतली ती केळीची वाडी, ती विहीर, ती ओटी, सगळं मी पहिल्यांदाच बघत होतो. पण ओटीवरच्या त्या म्हाताऱ्याला मी आदल्याच संध्याकाळी पाहिलं होतं.

आधी ती संध्याकाळ सांगतो. नाहीतर मी फाटकात का खिळलो ते कळायचं नाही.

मी भगवान सोनटक्के. ‘त्रयोदश’मध्ये क्लॅरिनेट वाजवतो. ‘त्रयोदश’ म्हणजे रेनाटा तुस्कानो यांचा तेरा जणांचा वाद्यवृंद. व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, अशी सगळी पाश्चात्त्य वाद्यं. वाजवायचं ते मात्र फक्त आजच्या माणसांनी लिहिलेलं. दोनशे वर्षांपूर्वीचं गोडगोड काही नाही. लिहिणारा जिवंत पाहिजे, असा मॅडमचा नियमच आहे.

लोक येतात. येतात म्हणजे, अर्ध्या खुर्च्या भरतील इतके येतात, आणि त्यातले निम्मे मध्येच उठतात. आम्ही तेराजण त्यांच्यावर सदैव चिडलेले असतो. खोकला आला की चिडतो, फोन वाजला की चिडतो. तालमीनंतरच्या चहाला आमच्याकडे दुसरा विषयच नसतो.

तर आदल्या संध्याकाळी आम्ही मॅडमनी स्वतः लिहिलेलं ‘मिठागर’ पहिल्यांदा वाजवलं. चाळीस मिनिटांची रचना. तीन वर्षं लिहीत होत्या त्या.

त्यात एकोणिसाव्या पानावर सगळी वाद्यं थांबतात. मग माझी क्लॅरिनेट एकटीच एक लांब सूर धरते आणि त्याच सुरावर व्हायोलिन हळूच येऊन मिळतं. दोन वाद्यं, एकच सूर. बाकी सगळ्या रचनेत सूर एकमेकांना घासत असतात, ते मुद्दामच. एकजीव होण्याची जागा तेवढी एकच.

क्लॅरिनेटवाल्याजवळ दोन क्लॅरिनेट असतात. दिसायला जुळ्या बहिणी. पण एक दुसरीपेक्षा अर्ध्या सुराने खाली बोलते. आता ही ठेवा, ती घ्या, असं आमच्या कागदावर लिहिलेलं असतं. अठराव्या पानाच्या तळाशी तसं लिहिलेलं होतं. मी स्वतः लाल पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला होता.

मी ती घेतली नाही.

का? तर तिसऱ्या रांगेतली एक बाई चॉकलेटचा कागद सोडवत होती. चुर्र… चुर्र… हळू सोडवला की आवाज होत नाही अशी तिची समजूत. मी तिला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. शिव्या संपल्या तेव्हा माझी पाळी आली होती, आणि तोंडाला होती ती चुकीची बहीण.

मी सूर धरला. व्हायोलिन आलं. आणि जिथे दोन सूर एक व्हायचे तिथे दोन पत्रे घासल्यासारखं झालं.

लोकांना काहीच वाटलं नाही. या संगीतात असंच असतं, असं धरून चालतात ते.

तेव्हा शेवटच्या रांगेतून आवाज आला.

“हूंऽऽऽ…”

एकच सूर, सरळ, अजिबात न हलणारा. आधी हळू. मग थोडा मोठ्याने.

माझे वडील साताऱ्याकडे लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. वरातीत नवा माणूस घसरला की ते चालता चालता त्याच्या कानाशी जायचे आणि बरोबर सूर गुणगुणायचे. ओरडायचं नाही, थांबायचं नाही, फक्त सूर द्यायचा. तो माणूस आपोआप वर यायचा. लहानपणी मी हे शंभरदा पाहिलं होतं.

त्यामुळे मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. तो आवाज माझ्यासाठी होता.

मॅडमनी हातातली ताल द्यायची छडी खाली केली. वाजणं थांबलं. त्या मागे वळल्यासुद्धा नाहीत. प्रेक्षकांकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, “त्या माणसाला बाहेर घालवा.”

दोन स्वयंसेवक धावले. शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी दंडाला धरून उठवलं. त्याच्या काखेत एक जाड बाड होतं, ते पडू नये म्हणून तो धडपडत होता. तो एक शब्द बोलला नाही. दार लागलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, त्या संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या! एका म्हाताऱ्याला हाकललं म्हणून. आत्ता सांगतानाही माझं डोकं फिरतं.

पण माझं ऐका, मी कुणावर डोकं फिरवायच्या लायकीचा नाही. कारण मॅडमनी पुन्हा एकोणिसाव्या पानाच्या सुरुवातीपासून घ्यायला सांगितलं. बरोबरची क्लॅरिनेट माझ्या उजव्या हाताला स्टँडवर उभी होती. हात लांब केला की झालं.

मी केला नाही. आता सूर बदलला तर सगळ्यांना कळलं असतं की म्हातारा बरोबर होता आणि सोनटक्के चूक. मी तोच चुकीचा सूर पुन्हा धरला. या वेळी जाणूनबुजून.

नंतर व्हायोलिनवाला बिचारा मला विचारत होता, “माझं काही चुकलं का रे तिथे?” मी म्हणालो, “हॉलच तसला आहे.”

तर असा मी, दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फाटकात उभा. आणि समोर ओटीवर तो म्हातारा, शेंगा सोलत. मॅडमचे गुरू. सात वर्षांच्या होत्या तेव्हापासून ज्यांच्याकडे त्या शिकल्या, ज्यांचं नाव घेताना अजूनही कानाला हात लावतात, ते पास्कोल डिमेलो. चाळीस वर्षं चर्चच्या गायकवृंदाला शिकवलेले पास्कू मास्तर.

“उन्हात का रे, बाबा? वर ये.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. हातातली शेंग क्षणभर तशीच राहिली. मग त्यांनी ती सोलली.

ओळखलं त्यांनी मला. मी ओटीच्या कडेला, जेमतेम टेकलो. मास्तरांच्या अंगात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक होता. उजव्या दंडावर चार बोटांची निळी खूण होती. मॅडमना ती दिसली नाही. त्या कागद शोधत होत्या.

“हा सोनटक्के. आमचा क्लॅरिनेटवाला. साक्षीदार म्हणून आणलाय.”

“कसला साक्षीदार?”

“सांगते ना. मी लोकांकडे पाठ करून उभी असते, हा समोर बघत असतो. त्या माणसाला यानेच नीट पाहिलंय.”

“हो का?” मास्तर म्हणाले. “बरं झालं.”



“तुमच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवली होती,” मॅडम म्हणाल्या. “रिकामी राहिली.”

“पहिल्या रांगेत नीट ऐकू येत नाही. सगळं मिळून मागे येतं.”

“आला नाहीत ते बरंच झालं म्हणा. ते बघून जीव गेला असता तुमचा. ऐका आता.”

त्यांनी कागद उलगडला. चार पानं होती, हाताने लिहिलेली, जागोजागी पेन कागदात रुतलेलं.

“‘नव्या संगीताच्या तथाकथित श्रोत्यांस जाहीर निवेदन.’”

“तथाकथित,” मास्तर म्हणाले.

“मग काय म्हणू? ‘काल आमच्या कार्यक्रमास जी मंडळी उपस्थित होती, त्यांना कान आहेत असे मानण्यास कोणताही पुरावा आम्हांस मिळाला नाही. कुणी खोकत होते, कुणी घड्याळ बघत होते…’”

“खोकला येतो माणसाला.”

“चाळीस मिनिटं थांबत नाही?”

“मला नाही थांबत. वाच.”

“‘कुणी चॉकलेटचे कागद सोडवत होते. आणि या सगळ्यावर कळस म्हणून शेवटच्या रांगेतील एका मद्यधुंद वृद्धाने…’”

मी डोळे मिटले.

“मद्यधुंद?” मास्तर म्हणाले.

“प्यालेला असणारच! शुद्धीवरचा माणूस भर कार्यक्रमात असा आवाज काढतो?”

“वास आला होता?”

“मी कशाला जाते वास घ्यायला!”

“बरं. पुढे?”

“‘एका मद्यधुंद वृद्धाने भेसूर आवाज काढून तीन वर्षांच्या कष्टांचा चुराडा केला. त्यास आम्ही सभागृहाबाहेर काढले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.’”

वाटीत दाणे पडत होते. टप… टप… मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मला वाटत होतं ओरडावं, मॅडम, गप्प बसा, देवाशपथ गप्प बसा! पण ओरडलो असतो तर पुढचा प्रश्न मलाच आला असता.

“‘सबब यापुढे ‘त्रयोदश’चे कार्यक्रम सर्वांसाठी खुले राहणार नाहीत. आम्ही पारखून निवडलेल्या निमंत्रितांपुरतेच ते होतील. आणि ‘मिठागर’ ही रचना पुन्हा कधीही वाजवली जाणार नाही.’”

दाण्यांचा आवाज थांबला.

“कधीही?” मास्तरांनी विचारलं.

“कुणासाठी वाजवू? त्या बहिऱ्यांसाठी?”

 मास्तरांनी शेंगांना पुन्हा हात लावला नाही.

“खाली माझं नाव आहे. त्याच्याखाली तुमचं हवं, मास्तर. अर्ध्या मुंबईतले वाजवणारे तुमच्या हाताखालून गेलेत. तुमचं नाव दिसलं की कुणाची तोंड उघडायची छाती होणार नाही. रविवारच्या पुरवणीत छापायचं कबूल केलंय पेपरवाल्यांनी. पाच वाजेपर्यंत पोचवायचंय.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

“सही करीन,” मास्तर म्हणाले. “पण ज्या माणसावर करायची तो कसा होता, ते नको कळायला?”

“त्यासाठीच तर याला आणलाय. सांग रे, सोनटक्के.”

मी म्हणालो, “अंधार होता, मॅडम.”

“काल तर म्हणालास, दारातल्या उजेडात चेहरा दिसला म्हणून!”

“दिसला… म्हणजे… म्हातारा होता.”

“केवढा म्हातारा?” मास्तरांनी विचारलं.

“असेल… तुमच्याएवढा.”

“दाढी?”

“नव्हती.”

“तोल जात होता?”

मी त्यांच्या दंडाकडे पाहिलं. “नाही,” मी म्हणालो. “तोल नव्हता जात. ते धरून ओढत होते ना, म्हणून…”

“अरे, तू कुणाच्या बाजूने बोलतोयस?” मॅडम कडाडल्या.

“थांब, बाय.” मास्तर माझ्याकडे थोडे सरकले. “ओरडला कसा तो?”

“ओरडले नाहीत,” मी म्हणालो.

“मग?”

“गुणगुणले.”

“काय गुणगुणले?”

 लाज वाटते सांगायला, पण चाळिशीला आलेला माणूस मी, शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखा घामाने भिजलो होतो.

“आठवत नाही?” मास्तर म्हणाले. आवाज अगदी मऊ. “बघ बरं. असं काही होतं का?”

त्यांनी मान किंचित तिरकी केली, ओठ मिटले आणि सूर धरला.

“हूंऽऽऽ…”

मॅडमच्या हातातली पानं सुटून खाली पडली.

मास्तरांनी तो सूर सावकाश सोडला. विहिरीपाशी कोंबडी ओरडत होती. 

“तुम्ही?” मॅडम म्हणाल्या.

मास्तरांनी शेंगांची टोपली बाजूला केली.

“तुम्ही होतात ते?”

आता त्यांना तो दंड दिसला. त्यांनी हात पुढे केला, पण लावला नाही. उभ्या होत्या त्या एकदम पायरीवर बसल्या.

“नाव का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या. आवाज फुटला होता. “नुसतं म्हणायचं होतं, मी पास्कोल डिमेलो. कुणी बोट लावलं नसतं तुम्हाला!”

“आणि मी दुसरा कुणी असतो तर?”

  मॅडमनी डोळे पुसले, आणि पुसता पुसताच त्या पुन्हा पेटल्या.

“नाही! मास्तर, हे चूक आहे. तुम्ही असलात तरी चूक आहे. लहानपणी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना चालू असताना मी शिंकले होते, तर तुम्ही मला घरी पाठवलं होतंत! एक शिंक! आणि तुम्ही माझ्या कार्यक्रमात, माझ्या रचनेत, सगळ्यात नाजूक जागी… तुम्ही! उद्या बिशप येऊन बसले आणि मध्येच आवाज काढला तरी मी त्यांना बाहेर काढीन!”

“काढच,” मास्तर म्हणाले.

“मग का केलंत?”

मास्तर मला म्हणाले, “आत पायपेटीवर बाड आहे. आण जरा.”

मी आत गेलो. तेच बाड होतं, काल काखेत होतं ते. ‘मिठागर’ची सगळ्या वाद्यांची स्वरलिपी. नवी रचना पुरी झाली की मॅडम पहिली प्रत मास्तरांना पाठवत, हे मला ठाऊक होतं. ते ती उघडून बघत असतील असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. पानापानावर बारीक अक्षरात पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका जागी पेन्सिलच खोचून ठेवलेली होती.

ते पान मास्तरांनी उघडलं आणि मॅडमच्या मांडीवर ठेवलं.

एकोणीस.

“क्लॅरिनेट काय धरते? गा.”

मॅडमनी पाहिलं. हळूच सूर धरला. स्वतःच लिहिलेला सूर तो, चुकणार कसा? मास्तरांनी मघाशी सोडलेल्या सुरावर तो नेमका जाऊन बसला.

“आता काल जे वाजलं ते गा.”

मॅडमनी तोंड उघडलं. सूर आला नाही. त्या आठवत होत्या. कपाळावर आठी पडली, मग गेली, मग पुन्हा पडली.

“मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या.

“कान कुठे होता तुझा, बाय?”



“तिसऱ्या रांगेत,” मॅडम म्हणाल्या. “कुणीतरी कागद सोडवत होतं.”

“माझाही तिथेच होता,” मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोललो नसतो तर जन्मात बोललो नसतो.

“मॅडम, मी चुकीची क्लॅरिनेट वाजवत होतो. अर्ध्या सुराने खालची. मास्तरांनी सूर दिला तेव्हाच मला समजलं. तुम्ही परत सुरुवात केलीत तेव्हा बरोबरची हाताशी होती. मी मुद्दाम घेतली नाही.”

“मुद्दाम?”

“लाज वाटली म्हणून.”

“आणि त्या व्हायोलिनवाल्याला मी आज सकाळी झापलं!” मॅडम ताडकन उठल्या. बाड पडता पडता मास्तरांनी सावरलं. “फोन करून झापलं, अरे, तो सकाळी म्हणत होता की तिथे काहीतरी खटकलं, आणि मी त्याला म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत! इथे आल्यावर तरी बोलायचंस! मी मास्तरांना दारुडा म्हणत होते आणि तू दाणे मोजत बसला होतास! नीच माणसा! निघ इथून. उद्यापासून तालमीला तोंड दाखवू नकोस.”

मी उठलो. यात खोटं एक अक्षर नव्हतं. चप्पल पायात घातली.

“कालच एकाला घालवलंस,” मास्तर म्हणाले. “रोज एक घालवणार आहेस का?”

मॅडम थांबल्या.

“बस रे तू. आणि ते कागद दे इकडे.”

मी निवेदनाची चारही पानं गोळा करून दिली. मास्तरांनी चष्मा नाकावर घेतला, बाडातली पेन्सिल काढली आणि वाचू लागले. सावकाश. प्रत्येक ओळ. मॅडमच्या लहानपणी त्यांच्या वह्या तपासत असतील तसे. एका जागी पेन्सिल टेकवून त्यांनी एक शब्द खोडला.

“मद्यधुंद तेवढं काढलंय,” ते म्हणाले. “वृद्ध बरोबर आहे.”

कागद त्यांनी मॅडमकडे परत दिले. सही केली की नाही, मॅडमनी पाहिलंच नाही. त्या मास्तरांच्या पायांपाशी बसल्या होत्या.

“मास्तर, मला क्षमा करा.”

आणि तेव्हा, बरं का, तोवर इतका शांत असलेला तो माणूस भडकला. गोरा चेहरा लालबुंद झाला. गंजीफ्रॉकमधल्या त्या कुडीत एवढा आवाज असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. विहिरीवरची कोंबडी पळाली.

“क्षमा कसली मागतेस? क्षमेचं काय करू मी, लोणचं घालू? तुझी ती पोरं मला पायरीवर सोडून आत गेली. मी दाराला कान लावून उभा राहिलो. कसलं दार ते, सागाचं, एवढं जाड! एक सूर बाहेर येत नाही! बासरी येईल म्हणून थांबलो, चेलो येईल म्हणून थांबलो. रखवालदार म्हणाला, आजोबा, घरी जा. तीन आठवडे बसून वाचलंय मी हे. चोविसाव्या पानावर काय होतं ते डोळ्यांनी दिसतं, पण कानाला कसं लागतं ते मला कळायला नको? त्यासाठी दोन गाड्या बदलून आलो होतो मी! आणि तू लिहितेस, कधीही वाजवणार नाही?”

त्यांना दम लागला. मॅडम पुढे झाल्या, तर त्यांनी हाताने थांबवलं.

बाड अजून उघडंच होतं. त्यांनी एकोणिसाव्या पानावर पेन्सिल पुन्हा होती तशी खोचली, बाड मिटलं, आणि काखेत धरून उभे राहिले.

“मी एकोणिसाव्या पानापर्यंत ऐकलंय. पुढचं कधी वाजवताय?”